उद्देशिकेचं वाचन म्हणजे नुसती आरती झालीय का?

माणदेशी: आमच्या गावची ग्रामसभा परवा संविधानाच्या उद्देशिकेनं सुरू झाली. 'दर्जाची व संधीची समानता' सगळे एका सुरात म्हणाले. पाच मिनिटांत टँकर आधी कुठं न्यायचा यावरून जुंपली, आणि वस्तीचा नंबर नेहमीसारखा शेवटी. मला वाटतं हे वाचन बंदच करावं.

सांगलीची_सून: बंद कशाला? पोरगी सातवीत आहे, शाळेत रोज म्हणते. परवा विचारलं, "आई, 'बंधुता प्रवर्धित' म्हणजे काय?" मलाच येईना, शब्दकोश काढावा लागला. (वाढवणे. एवढा सोपा शब्द असताना!) पाठ नसतं तर प्रश्न पडला असता का?

कृष्णाकाठ: दोघंही कागदातच अडकलाय. औंध संस्थानच्या राजानं १९३९ सालीच स्वराज्याची घटना करून कारभार गावपंचायतींकडं सोपवला. इंग्रजांच्या राज्यातच नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून गावोगाव न्यायनिवाडा करत होतं. तेव्हा दिल्लीत मसुदा तरी होता का?

माणदेशी: दादा, औंधची घटना पण कागदावरच होती की! आणि ती राजानं दिली म्हणून मिळाली. इथं पहिला शब्दच 'आम्ही' आहे.

पेठेतला_वकील: मसुद्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ ला मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, स्वातंत्र्य, समानता होती, बंधुता नव्हती. ती मसुदा समितीनं घातली. समितीच्या अध्यक्षांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला आपल्या साताऱ्यातल्या शाळेत दाखल झालं. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय: बसायला वेगळं गोणपाट, ते रोज घरी न्यायचं न् परत आणायचं. नळाला हात लावायचा नाही. शिपाई नसेल तर पाणी नाही. माणदेशी, तुमच्या वस्तीचा टँकर मला त्याच नळाजवळ उभा दिसतो.

कृष्णाकाठ: वकीलसाहेब, मन हेलावलं, खोटं नाही बोलत. पण उद्देशिका दाखवून कोर्टातनं टँकर मिळतो का?

पेठेतला_वकील: नुसत्या उद्देशिकेवर नाही. ती घटनेचा भाग आहे हेसुद्धा सुप्रीम कोर्टानं १९७३ ला, केशवानंद खटल्यात ठरवलं. १९६० ला त्याच कोर्टानं नाही म्हटलं होतं. पण कलम १५ उघडा. सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट अशी नावं घेऊन लिहिलंय, जातीवरून कुणाला अडवायचं नाही.

माणदेशी: टँकरचं नाव नाही, पण तो भरतो विहिरीवरच. पुढच्या ग्रामसभेत उद्देशिका झाली की हे कलम मोठ्यानं वाचतो.

सांगलीची_सून: म्हणजे वाचन बंद नाही, वाढलंच की हो! प्रवर्धित!