मदत हवी आहे: ब्राउझरमध्ये छायाचित्र तपासण्यासाठी वेबअसेम्ब्लीची कोणती बांधणी ठेवावी?

नमस्कार मंडळी,

रावेर-यावल भागातील केळी उत्पादकांसाठी मी जळगावहून एक वेबपान तयार करीत आहे. केळीच्या पानाच्या छायाचित्रावरून करप्याने किती भाग व्यापला आहे, हे त्यात मोजले जाते. शिवारात नेटवर्क जेमतेम असल्याने छायाचित्र सर्व्हरवर न पाठवता सारी आकडेमोड फोनच्या ब्राउझरमध्येच व्हावी, ही मुख्य अट आहे. मूळ कोड सी प्लस प्लसमध्ये असून एमस्क्रिप्टन या साधनाने तो मी वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरला वेगाने चालवता येणाऱ्या संकेतरूपात, कंपाइल करतो.

2013 सालचे एएसएम.जेएस (वेबअसेम्ब्लीपूर्वीचा, जावास्क्रिप्टचाच एक मर्यादित प्रकार) मी विचारातून काढून टाकले आहे. ते अखेर जावास्क्रिप्टच असल्यामुळे कुठेही चालते हे खरे, परंतु प्रमुख ब्राउझरांत वेबअसेम्ब्ली 2017 मध्येच आलेली असताना त्याची जड फाइल शेतकऱ्याच्या डेटावर लादणे मला पटत नाही.

खरी अडचण पुढची आहे. 12 मेगापिक्सेलचे चित्र उलगडले की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे 48 एमबी होतात, आणि कॅनव्हासमधून (ब्राउझरचा चित्र रेखाटण्याचा भाग) वेबअसेम्ब्लीच्या मेमरीत नेताना त्याची आणखी एक प्रत तयार होते. एका वेळी 128 बिट हाताळणाऱ्या सिमड सूचना (एकाच आज्ञेत अनेक आकड्यांवर क्रिया करणाऱ्या) इथे उपयोगी पडतात. क्रोम व फायरफॉक्समध्ये त्या 2021 साली आल्या, सफारीत मात्र 2023 मध्ये. ज्या ब्राउझरला त्या कळत नाहीत, तो केवळ तेवढा भाग वगळत नाही, तर संपूर्ण मॉड्यूलच नाकारतो. म्हणून सिमडसह आणि सिमडविना अशा दोन फाइली ठेवून, आधी छोटीशी चाचणी घेऊन त्यांतील योग्य ती उतरवून घ्यावी लागते.

थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारे कामाचे धागे) वापरावेत, तर त्यांच्या सामायिक मेमरीसाठी सर्व्हरने पानासोबत दोन विशेष हेडर, म्हणजे ब्राउझरसाठीच्या सूचना, पाठवावे लागतात (2018 मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटीनंतरची ही खबरदारी), आणि ते लावताच माझ्या पानावरचा दुसऱ्या संकेतस्थळाचा नकाशा दिसेनासा झाला. शिवाय ऑक्टोबरच्या उन्हात हातात धरलेला फोन तापून आपोआप मंदावतो, त्यामुळे घरी पंख्याखाली नोंदवलेल्या वेळा बांधावर खऱ्या ठरत नाहीत. थ्रेड वापरून प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम राबवल्यास तो अधिकच तापेल, अशी मला शंका आहे.

म्हणून थ्रेड सोडून द्यावेत, इथपर्यंत मी आलो आहे. आता दोन्ही फाइली सांभाळाव्यात, की सिमडविना एकच ठेवून चित्र आधीच चौथाई आकाराचे करून घ्यावे? बारीक ठिपके लहान चित्रात हरवतील, ही भीती दुसऱ्या मार्गात आहे. स्वस्त अँड्रॉइड फोनवर असे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.