तयार पतरा आणायचा की जुन्यालाच ठिगळ लावायचं? (डिलाईटवाल्यांनी जरूर बोला)

डिलाईटप्रेमी :

मंडळी, आजोबांची १९६९ ची फियाट ११०० डिलाईट आहे, रत्नागिरीला पडवीत वीसेक वर्षं उभी होती, दीड वर्षापूर्वी ट्रकवर टाकून पुण्याला आणली. इंजिनाने फार भाव खाल्ला नाही, कार्बोरेटर साफ केला, पॉइंट घासले आणि ते १०८९ सीसीचं म्हातारं खोकत खोकत का होईना सुरू झालं. पतऱ्याची मात्र पार वाट लागलीय. खारी हवा, त्यात आमच्या कोंबड्यांनी डाव्या बाजूला कायमचा संसार थाटलेला. दोन्ही पुढचे मडगार्ड हेडलाईटच्या मागे चाळणी, दरवाज्यांच्या खालच्या कडा गेलेल्या, आणि दरवाज्याखालचा डावा सिल तर असा की स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि मुठीपर्यंत आत.

तर मी शहाणपणा करून बाजारात मिळणारे तयार मडगार्ड आणि सिल मागवले. कुठून ते विचारू नका, सगळीकडे तोच माल फिरतो. विकणारा फोनवर म्हणाला, "साहेब, कंपनीसारखाच, डोळे झाकून बसवा." परवा आमच्या डेंटर उस्तादांनी डावा मडगार्ड क्लॅम्प लावून नुसता टेकवला. दरवाज्याच्या बाजूची फट वर २ मिमी, खाली ९. हेडलाईटची रिंग एका बाजूला बसली की दुसऱ्या बाजूने उठते. आणि ती वरची धार, जी डिलाईटची सगळी ऐट आहे, ती साबणाची वडी वापरून झिजते तशी गुळगुळीत. उस्ताद शांतपणे म्हणाले, दरवाज्याची कड वरून थोडी घासून घेऊ, बाकी लांबीत (भरायच्या पुट्टीत) निघेल.

दरवाजा घासायचा! कंपनीचा, ५० वर्षं टिकलेला दरवाजा, काल आलेल्या पतऱ्यासाठी!

माझं मत आता पक्कं झालंय. बाजारातला पतरा नकोच. जुना मडगार्ड जिथे कुजलाय तिथे कापा, तेवढाच तुकडा हाताने घडवून लावा, वेळ लागला तर लागू दे. चुकत असेन तर हाणा.

लांबीबहाद्दर :

हाणतोच. जुना पतरा म्हणजे काय देव आहे का? तुझा मडगार्ड एकदा सँडब्लास्ट करून बघ, मग सांग ठिगळ कुठे लावणार ते. हेडलाईटच्या मागे चाळणी असेल तर तिच्या चार बोटं पुढेपर्यंत पतरा आतून खाल्लेला असतो, वेल्डिंगचा टाका मारायला गेलास की भोक पडतं, ते बुजवायला गेलास की शेजारी दुसरं. मी एका पद्मिनीवर हा उद्योग करून बसलोय. शेवटी माझ्या मडगार्डमध्ये ओरिजिनल म्हणून हेडलाईटच्या वरचा वीतभर तुकडा उरला होता, बाकी ठिगळंच, आणि त्यावर किलोभर लांबी. फ्रीजवरचा गणपतीचा मॅग्नेट गाडीला लावून बघितला तर बाप्पा सरळ खाली. त्यापेक्षा नवा पतरा लाख पटीने बरा.

चालवणारा_माणूस :

+१ लांबीबहाद्दर. गाडी चालवायला असते हो. फायबरचा मडगार्ड लावा, गंजाचं नावच नको.

डिलाईटप्रेमी :

@चालवणारा_माणूस फायबर म्हणालात, आता आपलं बोलणंच खुंटलं :)

@लांबीबहाद्दर किलोभर लांबी तुमच्या डेंटरने भरली, त्यात जुन्या पतऱ्याचा काय दोष? हात चांगला असेल तर ठिगळ दिसत नाही.

उद्यमनगरी :

कोल्हापुरातनं लिहितोय, पतऱ्यातच आयुष्य गेलंय म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे हे तयार पार्ट कसे बनतात बघा. मूळ डाय (पतरा दाबायचे साचे) आपल्याकडे फियाट बनवणाऱ्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्याचे, ते काय या लोकांकडे नाहीत. कुणीतरी एक जुना मडगार्ड घेतो, तो आधीच दोनदा ठोकलेला, त्याचा साचा काढतो आणि त्यावर नवा पतरा बसवतो. नकलेची नक्कल झाली की धार मरणारच, कारण धार काढायला प्रेसला जो दाब लागतो तो हाताने किंवा छोट्या प्रेसवर येत नाही. म्हणून धारेबद्दलची तुझी तक्रार शंभर टक्के खरी, रिंगेचीसुद्धा.

पण ती २ आणि ९ ची फट? भावा, तो दोष मडगार्डचा वाटत नाही मला. तुझी गाडी मोनोकॉक आहे, खाली वेगळी चासी नाही, बराचसा भार सिल आणि फ्लोअरवर. सिल मुठीपर्यंत कुजला म्हणजे गाडी मधनं बसली. मधनं बसली की दरवाज्याची चौकट वर आखडते आणि खाली फाकते. मग कधीतरी दरवाजा लागेना झाला असेल, कुणीतरी बिजागरीत काहीतरी घालून तो लागता केला असेल. दोन कामं कर. काढलेला जुना मडगार्ड परत टेकव आणि फट मोज. आणि खालच्या बिजागरीमागे काय आहे ते बघ. मग इथे येऊन भांड.

आणि उस्तादांना सांगा, आधी सिल, मग दरवाजे, सगळ्यात शेवटी मडगार्ड. मडगार्डपासून सुरुवात म्हणजे पायाच्या आधी कौलं.

कोव्हेंट्रीकर :

उद्यमनगरींशी सहमत. इकडे इंग्लंडमध्ये एमजीबी नावाची दोन सीटची गाडी आहे, तिचा अख्खा बॉडी शेल आजही नवा मिळतो, ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून बनवते आणि तेही बऱ्याच अंशी मूळ टूलिंग (साचे वगैरे) वापरून. माझ्याकडे अशी एक आहे. म्हणजे इथे नकलेची नक्कल वगैरे नाही. तरीही बोनेट आणि दरवाजे बसवताना माझे तीन शनिवार-रविवार गेले. त्या काळी कारखान्यातसुद्धा पॅनेल आले आणि नटबोल्ट आवळले असं नव्हतंच, लाईनच्या शेवटी माणसं लाकडी हातोडी घेऊन उभी असायची, दरवाजा गुडघ्याने दाबून वाकवायची. बसवून घेणं हा कामाचाच भाग आहे, फसवणूक नाही.

पण सिल कापायच्या आधी चौकटीला आतून पाईपचे आडवे-तिरपे टेकू लावा, गाडी चाकांवर किंवा ॲक्सलखाली स्टँड लावून ठेवा, आणि एका वेळी एकच बाजू. आमच्या क्लबातल्या एकाने दोन्ही बाजू एकदम कापल्या. दरवाजे आजही मिठी मारल्यासारखे धरून बंद करावे लागतात.

नियमावली :

एक बाजू कुणीच बोललं नाही. १९६९ ची म्हणजे ५० वर्षं झाली, व्हिंटेज नोंदणी करता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात ती. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमात स्पष्ट आहे की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करून मोठी उलथापालथ केलेली नको. २०,००० रुपये भरून १० वर्षांची नोंदणी, नंतर नूतनीकरण ५,०००. आता फायबरचे मडगार्ड आणि बाजारातले सिल लावून तुम्ही मूळ स्वरूप कसं म्हणणार? धागाकर्त्याचं बरोबर आहे, जुनंच वाचवा.

लांबीबहाद्दर :

अहो नियमावली, कुजलेला सिल काढून त्याच मापाचा, त्याच जागी, त्याच आकाराचा सिल लावणं हा बदल कसा? ती दुरुस्ती. छपराची कौलं बदलली म्हणून घर दुसरं होतं का? बदल म्हणजे छप्पर कापून ओपन करणं, नाहीतर त्या फायबरचं डबडं लावणं.

चालवणारा_माणूस :

ए, फायबरला काही बोलायचं नाही. आणि व्हीए नंबर घेतला की गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी बाहेर काढायची. कशाला हवं ते? मी भाजी आणायला फियाट नेतो.

डिलाईटप्रेमी :

काल रात्री मोजमाप केलं. आता काय लिहू.

जुना मडगार्ड टेकवला. फट वर ३, खाली ८. म्हणजे तोही तसाच बसतोय.

मग खालची बिजागरी उघडली. तिच्यामागे पतऱ्याच्या दोन पट्ट्या, त्यातली एक चक्क डब्याच्या पत्र्याची, अर्धं अक्षर अजून वाचता येतंय. दरवाज्याच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, उजव्या बाजूशी ताडून बघितले, डावीकडे ६ मिमीचा फरक. उद्यमनगरी, दंडवत घ्या. बाबांना फोन केला तर म्हणे, हो, पंचाण्णव साली दरवाजा अडकत होता, गावातल्या वेल्डरने पाच मिनिटांत नीट करून दिला होता. पाच मिनिटांत!

पण म्हणून मी तयार पतऱ्यापुढे हात जोडलेत असं कुणी समजू नये. आलेला सिल आज उलटा करून बघितला. मूळ सिलला खालच्या कडेला पाणी जायला भोकं आहेत, तीन तर मला कुजलेल्या पट्टीवरही स्पष्ट दिसतात. नव्याला एकही नाही. एक! म्हणजे तो आहे तसा वेल्ड केला असता तर आत शिरलेलं पाणी तिथेच साचलं असतं आणि चार पावसाळ्यांत मी परत इथे रडत आलो असतो. शिवाय पतरा पातळ आहे. मूळचा कॅलिपरने चांगल्या जागी मोजला तर १ मिमीच्या आसपास, हा ०.७. भार घेणाऱ्या जागी ०.७? याला कंपनीसारखा म्हणायला जीभ कशी रेटते?

उद्यमनगरी :

आता कसं, रीतसर भांडण झालं. ०.७ चा सिल परत पाठव, नाही घेतला तर घराच्या खिडकीवर छज्जा कर. सिल हा सरळ घडीचा पार्ट आहे, त्यात मडगार्डसारखी गोलाई नाही. तुझ्या उजव्या सिलवरनं पुठ्ठ्याचं माप काढ, २० गेजचा (साधारण ०.९ मिमी जाडीचा) सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड पतरा घे, बेंडिंगवाल्याकडनं घड्या मारून आण. मडगार्ड मात्र बाजारातलाच ठेव आणि त्यावर तुझ्या जुन्या मडगार्डची हेडलाईटची वाटी आणि वरची धार कापून चढव, तेवढा भाग चांगला आहे ना? जोड धारेवर आणू नको, दोन बोटं खाली सपाटीवर घे. टाके लांब लांब मारायचे, एक इकडे एक तिकडे, मध्ये हात लावून बघायचं, गरम असेल तर चहा प्यायचा. सलग ओढलंस तर पतरा पापडासारखा उठेल.

लांबीबहाद्दर :

म्हणजे ठिगळच की शेवटी!

उद्यमनगरी :

हो, पण नव्यावर जुन्याचं.

नियमावली :

हे असं अर्धं-अर्धं केलं तर मूळ स्वरूप म्हणायचं की नाही, याचं उत्तर मिळालेलं नाही, नोंद घ्यावी. मला विचाराल तर अजूनही नाही.

कोव्हेंट्रीकर :

नियमावली, जुन्या गाड्यांची जागतिक संस्था फिवा, त्यांची एक तुरीन सनद आहे, त्यात यावर चांगला तोडगा आहे. बदललेल्या भागावर चटकन दिसणार नाही पण पुसलीही जाणार नाही अशी खूण करावी. सिलच्या आतल्या बाजूला साल पंच करून ठेवा, लपवाछपवीचा प्रश्नच नाही.

डिलाईटप्रेमी :

खुणेची आयडिया आवडली. डब्याची ती पट्टी मात्र मी जपून ठेवणार आहे.

आज सकाळचं सांगतो. उस्ताद आधी नाराज होते, दीड तास मोजपट्टी घेऊन कोण बसतं म्हणे. मग सिलच्या मधोमध लाकडी फळी ठेवून खाली जॅक लावला, पट्ट्या काढल्या, आणि अगदी पाव-पाव फेरा देत गेलो. एका क्षणी दरवाजा आपोआप कट्ट करून लागला, ढकलावा लागला नाही. उस्तादांनी परत उघडला, परत लावला, असं चार वेळा केलं आणि मग स्वतःच चौकटीला पाईपचे टेकू मारायला घेतले. मडगार्डची फट आता वर ४, खाली ५. दरवाजा घासायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

रविवारी डावा सिल कापणार. पाणी जायची भोकं १० मिमीची पुरतील का १२?

उद्यमनगरी :

८ बास, पण चार मार. वेल्डच्या आधी मार, कडा फाईलने साफ कर, आतनं झिंक प्रायमर. रंग झाल्यावर गंज रोखायचं मेण आत सोडायला तीच भोकं उपयोगी पडतील.

चालवणारा_माणूस :

आणि कोंबड्या?