लेन्सच धुरकट झालीय की मागची पिशवी? याग लेसरआधी मदत हवी आहे

कवडसा:
काकांच्या उजव्या डोळ्याबद्दल विचारतोय. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 6 वर्षांपूर्वी, तेव्हा बसवलेली लेन्स हायड्रोफिलिक (पाणी धरणारं) अ‍ॅक्रिलिक (कार्डावर तसं छापलंय). 2 वर्षांपूर्वी कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) आतला थर बदलला, म्हणजे डीएमईके; नवा थर, म्हणजे कलम, हवेच्या बुडबुड्याने दाबून बसवतात. कलमाची कड सुटल्यामुळे हवा पुन्हा भरावी लागली होती. मधुमेह आहे. आता समोरच्या गाडीचे दिवे फाकतात, सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, पण तक्त्यावर 6/9 वाचतात. 'जाळी आलीय, लेसरने साफ करू' असं सांगितलंय. जाळीच आहे हे कसं ओळखतात? आणि लेसर करून बघायला हरकत काय?

भिंग:
हरकत आहे, आणि मोठी आहे. कृत्रिम लेन्स डोळ्याच्या मूळ लेन्सच्या पातळ पिशवीत बसवतात; जाळी म्हणजे त्या पिशवीच्या मागच्या पडद्यावर उरलेल्या पेशी वाढून आलेला थर. याग लेसर त्या पिशवीला मधोमध खिडकी पाडतो, वाट मोकळी होते. पण लेन्सच्या आतच कॅल्शियम साचलं असेल तर लेसरचा शून्य उपयोग. वर पिशवी फुटलेली. पुढे लेन्स बदलायची वेळ आली की त्या खिडकीतून व्हिट्रियस (डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा पदार्थ) पुढे येतं, ते कापून काढावं लागतं, आणि नवी लेन्स पिशवीत बसेल याची खात्री उरत नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीत हायड्रोफिलिक लेन्स, पुढच्या कप्प्यात (कॉर्निया आणि बाहुलीच्या मधल्या जागेत) दोनदा हवा आणि मधुमेह हे तिन्ही एकत्र आलेत. पहिला संशय लेन्सवरच घ्यायला हवा.

तपासणी अशी: थेंब घालून बाहुली पूर्ण मोठी करायची. स्लिट लॅम्पची (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाची) प्रकाशाची फट अगदी बारीक करून तिरकी टाकायची. लेन्सवर पडलेल्या प्रकाशाची पहिली रेघ तिच्या पुढच्या पृष्ठभागाची, नंतरची मागच्या पृष्ठभागाची, तिला लागून पिशवी. पांढरट कण कुठल्या रेघेवर आहेत ते बघायचं. हवेमुळे साचलेलं कॅल्शियम पुढच्या पृष्ठभागावर किंवा त्याच्या लगेच खाली, बाहुलीएवढ्या गोल भागात दिसतं. कडेची लेन्स स्वच्छ असते. बाहुली लहान ठेवून बघितलं तर ही गोल सीमा दिसतच नाही, आणि चूक बहुतेक इथेच होते. जाळीत मागून उजळलेल्या प्रकाशात साबुदाण्यासारखे फुगीर मणी किंवा सुरकुत्या दिसतात. शंका उरली तर डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे प्रकाशाने थरांचा छेद दाखवणारा स्कॅन.

तिरपी रेघ:
भर घालतो. 6/9 वर जाऊ नका. अंधाऱ्या खोलीतला काळ्या अक्षरांचा तक्ता चकाकी पकडत नाही. चकाकीची आणि कॉन्ट्रास्टची चाचणी वेगळी मागा. मॅक्युलाचा (दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा) ओसीटीही हवा, मधुमेहाची सूज असेल तर लेन्स बदलूनही दृष्टी तिथेच अडकेल. कलमाची जाडी आणि पेशींची संख्याही मोजून घ्या. कलमच थकलं असेल तरी धूसरच दिसतं.

कवडसा:
आभार. बाहुली मोठी करून पुन्हा बघितलं: गोल, दाणेदार, पुढच्या पृष्ठभागाशी. पिशवी जवळजवळ स्वच्छ. हे थेंबांनी विरघळतं का, किंवा पुसता येतं का?

भिंग:
नाही. ते कॅल्शियम फॉस्फेट आहे, पृष्ठभागाच्या खालीही रुतलेलं. त्रास सोसवत असेल तर थांबा, नसेल तर लेन्स बदलणं हाच उपाय.

शस्त्रक्रियेत व्हिस्कोइलॅस्टिक (घट्ट जेल) सुईने भरून लेन्सची कड पिशवीपासून हळूहळू सोडवतात. वर्षांनुवर्षांत लेन्सचे पाय (तिला जागेवर धरणाऱ्या कडेच्या पट्ट्या) पिशवीत रुततात. ओढाताण केली तर पिशवीला धरणारे तंतू तुटतात, म्हणून पाय सुटत नसतील तर कापून तिथेच ठेवतात. लेन्स डोळ्यातच कात्रीने अर्धी करून छोट्या छेदातून बाहेर काढतात. तुमच्या बाबतीत खरी जपायची गोष्ट कलमाच्या पेशी. म्हणून डीएमईके करणाऱ्या सर्जनकडेच जा.

नवी लेन्स हायड्रोफोबिक (पाणी फारसं न धरणारी) घ्या. कलमासाठी पुन्हा हवा भरावी लागली तर हायड्रोफिलिकचं तेच होऊ शकतं. पिशवीत जागा नसेल तर तीन भागांची लेन्स पिशवीपुढच्या खाचेत बसते, तेव्हा लेन्सची पॉवर साधारण 0.5 ते 1 डायॉप्टरने कमी धरतात. एकसंध अ‍ॅक्रिलिक लेन्स त्या खाचेत नको, आयरिसला (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला) घासते.

सांजपारवा:
माझ्या ओळखीतल्या रुग्णाच्या हायड्रोफोबिक लेन्समध्ये चमचमणारे ठिपके दिसतात म्हणे. तीही बदलावी का?

तिरपी रेघ:
ते पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे, ग्लिसनिंग. स्लिट लॅम्पखाली भीतीदायक दिसतात, रुग्णाला सहसा जाणवतही नाहीत. तेवढ्यासाठी डोळा उघडू नये.

कवडसा, जायच्या आधी जुन्या लेन्सच्या कार्डाचा फोटो, म्हणजे मॉडेल, पॉवर, अनुक्रमांक, आणि पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचा चष्म्याचा नंबर सोबत ठेवा. नव्या पॉवरचं गणित त्यावरून पडताळता येतं. डीएमईकेनंतर नंबर थोडा प्लसकडे सरकतो, म्हणून आताचाही नंबर हवा. काढलेली लेन्स फेकू नका म्हणून आधीच सांगा; अ‍ॅलिझरिन रेडने रंगवली की कॅल्शियम आहे का ते कळतं.