फॉस्टर करायचं मनात आहे, पण पिल्लं परत देताना काय होतं ते खरं सांगा

भांडुप_वेस्ट
नमस्कार मंडळी, जरा पटकन सल्ला हवाय कारण उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय. आमच्या गल्लीत एक ताई आहेत, रोज रात्री साडेनऊला डबे घेऊन खाली उतरतात आणि स्टेशन रोडपर्यंतच्या सगळ्या मांजरांना जेवायला घालतात. परवाच्या पावसात त्यांना रिक्षा स्टँडच्या मागे ताडपत्रीखाली तीन पिल्लं मिळाली, आई गाडीखाली गेली होती. महिन्याभराची असतील, डोळे उघडलेत, दात टोचायला लागलेत. ताईंच्या घरी आधीच सहा मांजरं आणि त्यातला एक बोका आजारी, त्यामुळे एवढी लहान पिल्लं तिथे ठेवता येत नाहीत. म्हणून सहा-सात आठवडे तू फॉस्टर करशील का, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळशील का, असं मला विचारलं, खाणं, औषधं, लसी सगळं त्या बघणार, नंतर घरंही त्याच शोधणार.

मला मनापासून करायचंय. पण वन बीएचके आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांनी आयुष्यात मांजर उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही. नवरा म्हणतो तू सांभाळणार असशील तर ठेव. मुलगी तिसरीत आहे आणि खरी धास्ती तिचीच वाटतेय, ती जीव लावणार, नावं ठेवणार आणि मग एके दिवशी कोणीतरी येऊन पिल्लं घेऊन जाणार. तिचं सोडा, माझंच काय होईल कोण जाणे. लहानपणी चाळीत आमची एक भाटी होती, ती गेली तेव्हा मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. ज्यांनी फॉस्टर केलंय त्यांनी सांगा ना, देताना काय होतं? आणि तरी लोक परत का करतात?

मांजरवेडी_वडाळा
रडू येतं. ते आधीच सांगून टाकते. चार वर्षांत माझ्याकडून एकवीस पिल्लं गेली आणि एकवीस वेळा डोळे भरलेत.

पण परत का करतो ते सांगते. माझ्या पहिल्या तिघांत एक काळा होता, शिवाजी पार्कजवळ एका गाडीच्या बॉनेटमधून काढलेला. बाकीची दोन दुसऱ्या दिवशी मांडीवर, हा मात्र कपाटाखाली. वाटी सरकवली की मी खोलीतून जाईपर्यंत खायचा नाही, हात पुढे केला की फिस्स करायचा. मी रोज ऑफिसातून आल्यावर जमिनीवर बसून फोन बघत राहायचे, त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलेलं. नवव्या दिवशी अशीच बसले होते आणि पायाला काहीतरी गरम लागलं. बघते तर हा माझ्या पावलावर येऊन बसलाय, आणि त्या एवढ्याशा अंगातून गुरगुर सुरू झाली ती थांबेचना. मी अर्धा तास पाय हलवला नाही, मुंग्या आल्या तरी. एका जिवाच्या मनातली माणसाची भीती आपल्यासमोर जाते, हे मला तोपर्यंत कधी बघायला मिळालं नव्हतं.

आणि यात वयाचा मोठा भाग आहे. मांजराच्या पिल्लाला साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जे भेटतं ते त्याला आपलं वाटतं, माणसाचे हात, मिक्सरचा आवाज, बेल, लहान मुलं. ती वेळ रस्त्यावर लपण्यात गेली की नंतर विश्वास बसायला महिनोन् महिने लागतात. तुमची तिघं आत्ता नेमकी त्याच वयात आहेत. म्हणजे तुम्ही नुसती राखण करणार नाही आहात, पुढच्या बारा-पंधरा वर्षांचा त्यांचा स्वभाव तुमच्या घरात घडणार आहे.

काळ्याला ठाण्याच्या एका जोडप्याने घेतलं. त्यांना देऊन परत येताना ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत रडत आले, समोरच्या काकूंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. तीन आठवड्यांनी त्यांनी फोटो पाठवला, काळा त्यांच्या आजोबांच्या पोटावर उताणा झोपलाय, चारही पाय वर. कपाटाखालचं तेच पिल्लू! तो फोटो अजून फोनमध्ये आहे, वाईट दिवस गेला की काढून बघते.

आता कामाचं. गाईचं दूध अजिबात नको, जुलाब होतात आणि एवढ्या लहान पिल्लाला जुलाब जिवावर बेततात. पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते ती किंवा पिल्लांचं ओलं खाणं कोमट पाण्यात कालवून, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. किचनचा वजनकाटा काढा आणि रोज एकाच वेळी वजन लिहा. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं, एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवायचं, घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. लिटरसाठी, म्हणजे शी-शूसाठी, उथळ ट्रे, त्यात लाकडाच्या भुशाचे पेलेट्स (छोट्या गोळ्या) किंवा फाडलेला पेपर. ओलं झालं की गोळा होणारी रेती या वयात नको, ती चाटून खातात. आणि घरात कोणाची तापाची गोळी खाली पडली तर लगेच उचला, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

भांडुप_वेस्ट
ताई तुमच्या काळ्याचं वाचताना माझंच पाणी आलं डोळ्यात. आईंना, म्हणजे सासूबाईंना, वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं की वजन आपल्या पिठाच्या काट्यावर करणार का. अजून एक, आमचे सेक्रेटरी काका म्हणतात सोसायटीत पाळीव प्राणी चालत नाहीत असा ठराव झालाय जुना. खरंच अडवू शकतात का?

कुर्ला_नेहरूनगर
नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय, सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टलाही मनाई करता येत नाही. ते परिपत्रक नेटवर मिळतं, प्रिंट काढून काकांना द्या पण भांडायला जाऊ नका, चहा घ्यायला जा. आमच्याकडे तसंच केलं होतं, आता त्यांचाच नातू आमच्या मन्याशी खेळायला येतो. आपल्याकडून आवाज, वास, घाण यांचा त्रास होऊ द्यायचा नाही एवढं पाळलं की कोणी काही म्हणत नाही. कुत्रा असेल तर महापालिकेचं लायसन्स काढावं लागतं, त्याला रेबीजच्या लशीचं सर्टिफिकेट लागतं, तुमची मांजरं आहेत म्हणून तो विषय नाही.

गिरणगावकर
मांजरांचा अनुभव नाही पण एक सांगावंसं वाटतंय. आम्ही फॉस्टर म्हणून घेतला आणि ठेवूनच घेतला, कुत्रा, सात-आठ वर्षांचा, देशी, तीन पायांचा. रेल्वे रुळाजवळ सापडलेला. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात त्याचा पाय काढावा लागला आणि नंतर त्याला ठेवायला जागा नव्हती. त्या हॉस्पिटलात मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून बैल बघायला जायचो, पेटिट कुटुंबाच्या देणगीतून उभं राहिलेलं आहे ते, १८८० च्या दशकातलं, त्यामुळे फोन आला तेव्हा नाही म्हणवेना.

मोठा कुत्रा कोणी घेत नाही हो. सगळ्यांना पिल्लू हवं आणि त्यात ब्रीड हवी. पण ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी खरं तर मोठाच घ्यावा. पिल्लू चपला फाडतं, रात्री ओरडतं, दिवसभर कोणीतरी मागे लागतं. हा आला आणि कोपऱ्यात शांत बसला. लोक म्हणतात ना, पहिले तीन दिवस घाबरलेला, तीन आठवड्यांत घराचा रिवाज कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. आमच्या बाबतीत हिशोब जवळपास तसाच निघाला. पहिले दोन दिवस पंखा लागला की हा उठून दाराशी जायचा, छताला काहीतरी फिरतंय हे त्याने कधी बघितलंच नसेल. गादी टाकली तर गादीच्या शेजारी लादीवर झोपायचा. आम्ही काही जबरदस्ती केली नाही. साधारण अडीच महिन्यांनी एका दुपारी आई म्हणाली अरे इकडे ये, आणि बघतो तर गादीवर आडवा पसरलाय, तोंड उघडं, घोरतोय. आई त्याच्याशेजारी खाली बसली आणि बराच वेळ त्याच्या डोक्यावर हात फिरवत राहिली.

बाबा गेल्यापासून आई संध्याकाळी खाली उतरायची बंद झाली होती. आता बरोबर सहाला हा पट्टा तोंडात धरून तिच्यासमोर उभा राहतो, आणि ती उतरते. तीन पायांवर तो आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ती, दोघं मैदानाला एक फेरी मारतात, सगळी चाळ त्यांच्याशी बोलते. त्याला आम्ही वाचवलं असं लोक म्हणतात, आमच्या घरात कोणी तसं म्हणत नाही.

शिवडी_७८
सगळ्यांनी छान लिहिलंय, पण मी एक जड गोष्ट सांगणार आहे, कारण मला कोणी आधी सांगितली नव्हती. माझ्या दुसऱ्या वेळच्या चारपैकी दोन पिल्लं गेली. पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा पार्व्हो म्हणतात तो. सकाळी खेळत होती, संध्याकाळी उलट्या, दुसऱ्या दिवशी संपलं. लस द्यायच्या वयाचीच झाली नव्हती. मी स्वतःला खूप दोष दिला, डॉक्टरांनी समजावलं की ते संसर्ग घेऊनच आली होती. हा व्हायरस घरात वर्षभरही टिकतो, साध्या फिनेलने जात नाही, ब्लीच पाण्यात मिसळून लादी पुसावी लागते. म्हणून भांडुप ताई, तुमच्या त्या फीडर (मांजरांना खाऊ घालणाऱ्या) ताईंना विचारा की त्यांच्या बोक्याला नेमकं काय झालंय, आणि त्यांच्याकडे जाऊन आलात तर हात धुवून, कपडे बदलूनच पिल्लांजवळ जा. पहिली लस आठव्या आठवड्याच्या आसपास, मग तीन-चार आठवड्यांनी परत, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर.

तरी मी थांबले नाही. जी दोन वाचली ती चेंबूरला एकाच घरात आहेत, जोडीने. आणि जी गेली ती शेवटची रात्र माझ्या कुशीत कोरड्या टॉवेलमध्ये होती, पावसात गटाराशेजारी नव्हती. मला हे पुरेसं वाटतं. तुमच्या मुलीला पण सगळं आधीच सांगा, ही आपली नाहीत, आपण त्यांना घरासाठी तयार करतोय. मुलांना हे कळतं, आपल्यापेक्षा लवकर कळतं.

भांडुप_वेस्ट
अपडेट. आज दहावा दिवस. हो म्हणाले! बोक्याला किडनीचा त्रास आहे, लागण होण्यासारखं नाही, डॉक्टरांकडूनच खात्री करून घेतली. पहिल्या दिवशी वजनं ३८०, ४१० आणि ३३०, आज ५००, ५४० आणि ४३५. आईंनी पिठाचा काटा दिला नाही, नवऱ्याला दादरला पाठवून वेगळा आणायला लावला. मुलीने वही केलीय, तारीख, वजन आणि शेरा. काल छोटीपुढे शेरा लिहिलाय 'आज हिने आजीच्या पदराशी मारामारी केली'. आणि आई ओरडल्या नाहीत, पदर सोडवून घेतला आणि तिला ताटलीजवळ नेऊन ठेवलं.

मांजरवेडी_वडाळा
४३५! शाबास छोटी. घरं बघायला लागाल तेव्हा खिडक्यांना जाळी आहे का हे स्वतः जाऊन बघा, फोटोवर विश्वास नको. वरच्या मजल्यावरून मांजरं पडतात, कबुतरांची नायलॉनची जाळी ती दाताने तोडतात, मजबूत जाळी हवी. आणि पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदीचं ऑपरेशन करून घेणार असं लेखी घ्या. जमलं तर दोघांना एकत्र द्या, घरात कोणी नसतं तेव्हा एकमेकांची सोबत होते.

भांडुप_वेस्ट
आठ आठवडे झाले, लिहायला उशीर झाला. दोघं बोके मुलुंडला एकत्र गेले, जाळी बघितली, बोटाने ओढून बघितली. छोटी विक्रोळीला एका शिक्षिकेकडे. शिवडी ताई, तुम्ही सांगितलेलं तसंच मुलीला आधीपासून सांगत होते. निरोपाच्या दिवशी तिने वही त्या शिक्षिकेच्या हातात दिली, म्हणाली पुढची वजनं तुम्ही लिहा. ती रडली नाही, मी रडले, आणि आई आत जाऊन देवासमोर बसल्या त्या जेवायच्या वेळेलाच बाहेर आल्या. विक्रोळीहून दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो येतो, कालचं वजन १ किलो १५०.

आता एक प्रश्न आहे. फीडर ताईंनी स्टेशनजवळच्या एका कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलंय, पावसात लगेच परत सोडायला नको म्हणून आठवडाभर आमच्याकडे ठेवतोय, उद्या येणार. आईंनी गॅलरीतल्या कुंड्या हलवून जागा केलीय. तिला दिवसातून किती वेळा खाली न्यायचं? आणि टाक्यांचं काय बघायचं?

गिरणगावकर
चार वेळा न्या, सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपायच्या आधी. पट्ट्यावरच, पळू देऊ नका, जिना सावकाश. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकूसारखी मोठी कॉलर घालायला सांगा, टाके ओले होऊ देऊ नका, सूज किंवा पाणी दिसलं तर थेट डॉक्टर. रस्त्यावरची आहे, घरात शू करायची तिलाही लाज वाटेल, रोखून धरेल, तेव्हा पहिल्या दिवशी तिच्या वेळेपेक्षा अर्धा तास आधीच न्या. आणि पंखा पहिल्या रात्री हळू ठेवा.