थोरल्याची धाकटीवर देखरेख
प्रश्न: आमचा अडीच वर्षांचा मुलगा पाच महिन्यांच्या बहिणीला दिवसभर शिस्त लावत असतो, ती रडू लागली की ओठांवर बोट ठेवून ‘शूऽऽ’ करतो आणि तरीही ती थांबली नाही, तर तिच्याहून मोठ्याने भोकाड पसरतो. काल त्याने तिच्या पोटावर गाड्यांची रांग लावली होती. आपल्याकडेही असे काही घडते का?

उत्तर १: आमची चार वर्षांची कन्या बाळाशी अगदी आखूड वाक्यांत, आवाज बारीक करून बोलते आणि आमच्याकडे वळताच तिचे लांबलचक प्रवचन सुरू होते. या वयाची मुले लहानग्यांसाठी वाक्ये सोपी करतात, हे मानसशास्त्रज्ञ शात्झ आणि गेलमन यांनी १९७३ मध्येच नोंदवले आहे. बाळाने मात्र त्या सोप्या वाक्यावर तिची वेणी ओढली.

उत्तर २: गाड्यांचा वाहनतळ गमतीचा असला, तरी या वयात बाळ हाती लागेल ते तोंडात घालते, त्यामुळे निखळणारी चाके असलेल्या गाड्या दूर ठेवाव्यात. आमच्या चिरंजिवांनी ‘बाळाला परत द्या’ असे फर्मावले होते, अर्थात आम्हाला.