वाफेने वाकवलेले लाकूड आणि संगणकावरील आराखडा: मेळ कसा घालावा?

प्रश्न
खुर्चीची पाठ आणि मागचे पाय सलग वाकवलेल्या एकाच लाकडातून करावेत, या विचाराने मी राइनो या त्रिमितीय आरेखनाच्या संगणक-प्रणालीत आराखडा तयार केला आणि त्यावरून सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या यंत्रावर साचा कापून घेतला. परंतु वाफ दिलेली पट्टी साच्यातून सोडली की थोडी उघडते, आणि प्रत्येक पट्टी वेगवेगळी उघडत असल्याने सांध्यांच्या जागा जुळत नाहीत. हाच आकार जाड फळीतून थेट कोरता येतो; पण तसे केल्यास वळणावर तंतू तुटून खुर्ची तिथेच कमजोर होते, म्हणून तो मार्ग मला नको आहे. ही तफावत आराखड्यात कशी धरावी?

प्रतिसाद १
आधी वाकवण्याची पद्धत तपासावी. वाफेने मऊ झालेले लाकूड दाबल्यास बरेच आखडते, मात्र ताणल्यास जेमतेम एक-दोन टक्के लांबते. म्हणून बाहेरच्या बाजूस, दोन्ही टोकांना ठोकळ्यांनी अडवलेली पोलादी पट्टी बसवावी लागते. फर्निचर-निर्माते मिखाएल टोनेट यांची १८५९ची चौदा क्रमांकाची खुर्ची याच युक्तीने शक्य झाली. लाकूड सरळ तंतूंचे आणि भट्टीत नव्हे तर हवेत वाळवलेले घ्यावे, व जाडीच्या दर इंचाला साधारण तासभर वाफ द्यावी. त्याने पट्ट्यापट्ट्यांमधला फरक घटतो, आणि उरलेल्या तफावतीसाठी साच्याची त्रिज्या थोडी लहान धरता येते.

प्रतिसाद २
वरील सूचना योग्यच आहेत, तरी फरक पूर्णपणे जाणार नाही. तेव्हा कामाचा क्रमच बदलावा, असे माझे ठाम मत आहे. एस्टोनियातील टालिन येथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या वास्तुकला प्रदर्शनातील (बिएनाले), २०१९ सालचा ‘स्टीमपंक’ हा मंडप वाफेने वाकवलेल्या लाकडाचा होता, आणि तो उभारणाऱ्यांना होलोलेन्स या, समोरच्या दृश्यावर संगणकीय चित्र दाखवणाऱ्या चष्म्यातून आराखडा प्रत्यक्ष जागेवर दिसत होता. लाकूड जसे वळले त्याप्रमाणे हाताने जुळवून घेण्यास तिथे वाव होता. आपणही टोके मुद्दाम लांब ठेवून पट्टी वाकवावी, चौकटीत पक्की सुकू द्यावी, मग तिचे स्कॅन घेऊन ती वक्ररेषा आराखड्यात आणावी आणि सांधे त्यानंतरच आखावेत.

प्रश्नकर्ता
मला सहा खुर्च्यांचा संच करायचा आहे. या क्रमाने त्या एकसारख्या दिसतील का?

प्रतिसाद २
बैठकीची चौकट, तिची उंची आणि पायांमधले अंतर आराखड्यानुसार काटेकोर ठेवावे. पाठीच्या वळणात काही मिलिमीटरचा फरक राहिला तरी तो नजरेला खटकत नाही. फक्त सहाही पट्ट्या शक्यतो एकाच ओंडक्यातून काढाव्यात.