फक्त गाडी चालवली, तरी जन्मठेप?

तापीकाठ: भाऊ लोकं, आमच्या तालुक्यातल्या एका केसनं डोकं भणभणतंय. जिनिंगवाल्या शेठच्या पोराला उचलायचं दोघांनी ठरवलं, पाळत त्यांनी ठेवली, खंडणीचे फोन आणि मारायच्या धमक्या पण त्यांच्याच. तिसरा आमच्या गल्लीतला, वय २२, केळीच्या गाडीवर ड्रायव्हर, त्याला आदल्या रात्री सांगितलं भाडं आहे पाच हजार देऊ. पोराला गाडीत कोंबलं तेव्हा याला कळलं, घाबरला पण चालवत राहिला. तिघांना जन्मठेप झाली. बेत आखणारा आणि स्टेअरिंगवाला एकाच मापात, मला नाही पटत.

सातपुडा७१: कळलं ना त्याला? मग विषय संपला भो. रस्त्यात किती गावं, किती पेट्रोल पंप लागले, एकदा ब्रेक मारला असता तर पोरगा घरी आला असता. गाडीशिवाय त्यांचा बेत पुढे सरकतच नव्हता. कलकत्त्यात शंकरीटोल्याच्या पोस्टमास्तरच्या खुनात आरोपी म्हणत होता मी नुसता बाहेर अंगणात उभा होतो, प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, १९२५ ला त्यालाही दोषीच धरलं.

तापीकाठ: तो ठरवूनच गेला होता ना दादा, याला भाडं सांगून नेलं.

काळाकोट_जळगाव: दोघंही शिक्षेवर भांडताय, पण खरा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. दंड संहितेत ३६४-अ, म्हणजे पळवून मारायची धमकी देऊन खंडणी मागायचं कलम, १९९३ ला आलं, त्यात फाशी नाहीतर जन्मठेप, खाली काहीच नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, त्यात त्याचं १४०(२) झालं, तिथेही तेच. एकदा ते कलम लागलं की जजसाहेबांना पोराचं वय, भूमिका कितीही दिसली तरी हात बांधलेले. म्हणून त्याला खंडणीचं माहीत होतं का, हे उलटतपासणीतच खोदायला लागतं. तेलंगणातल्या एका रिक्षावाल्यानं शाळकरी मुलगा पळवून २ लाख मागितले होते, धमकी सिद्ध झाली नाही म्हणून २०२१ ला सुप्रीम कोर्टानं ३६४-अ काढून ३६३, म्हणजे साध्या अपहरणाच्या कलमाखाली ७ वर्षं दिली. मला विचाराल तर या कलमात जन्मठेपेच्या खाली जागा पाहिजेच.

पाटलीण_यावल: मी आई आहे म्हणून बोलते. त्या लेकराला गाडीत तोंड दाबून नेलं तेव्हा त्याला काय माहीत कोणी ठरवलं आणि कोण भाड्यानं आलं? त्याला तिघं सारखेच. ड्रायव्हरच्या आईसाठी जीव तुटतो माझा, पण शिक्षा कमी नको.

सातपुडा७१: ताई, हेच म्हणतोय.

तापीकाठ: ताई, लेकराचं दुःख मला मान्य आहे, त्याला सोडा असं मी एकदाही म्हटलं नाही. सात वर्षं द्या, दहा द्या. वकीलसाहेब, फोन झाले तेव्हा तो गाडीत नव्हता, परत केळी भरायला गेलेला, तोलकाट्याची पावती आहे वेळेसकट. ती कोर्टात दाखवलीच नव्हती. आता चालेल का?

काळाकोट_जळगाव: अपिलात नवा कागद घ्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं, पण अर्ज करता येतो. संभाजीनगर खंडपीठात अपील टाका, मुदत बघा आधी. पावतीची मूळ प्रत जपून ठेवा, काट्यावरचं रजिस्टर पण बघून घ्या.

तापीकाठ: उद्याच त्याच्या बापाला घेऊन काट्यावर जातो.